पंच्याण्णव नंबरची थोरली

एक होतं घर. घरात एक वाजवणारा, एक शिवणारी आणि कोपऱ्यात उभी चार तारांची बेस गिटार. वाजवणाऱ्याला सगळे खांब म्हणायचे, कारण गाणं त्याच्यावर उभं असायचं. शिवणारी त्याची बायको. आणि त्या चार तारांतली सगळ्यांत जाड, ती मी. मी थोरली तार बोलतेय. जरा जवळ या, माझा आवाज खालचा आहे.

जाड म्हटलं खरं, पण घरच्या घरात जाड. बाहेर मला कुणी जाड म्हणत नाही. माझ्या पुडीवर ठळक लिहिलं होतं, 'हलक्या तारा'. आम्ही चौघी बहिणी एकाच कारखान्यात जन्मलो. आत पोलादाची तार, वरून निकेलचा वेढा, आणि टोकाला पितळेची गोळी, दोऱ्याला गाठ असते तशी. धाकटी चाळीस नंबरची, मी पंच्याण्णवची. आकडा जेवढा मोठा तेवढी तार जाड. शेजारच्या पेटीत एकशे दहा नंबरवाल्या होत्या. त्या आम्हाला हसायच्या. "तुम्हाला कोण नेणार? एक तर शिकाऊ, नाहीतर ज्याचा हात दुखतो तो."

बोलल्या ते खरंच झालं म्हणा.

आठ महिने दुकानात खिळ्याला टांगून काढले. मग एक दिवस शिवणारी आली. गळ्यात माप घ्यायची फीत तशीच.

"कुणासाठी हव्यात?" दुकानदारानं विचारलं.

"आमच्या ह्यांच्यासाठी. पण त्यांना कळायला नको."

"मग वाजवणार कसे?"

"वाजवतील तेव्हा कळेलच की. आधी कळायला नको."

तिनं पर्समधून जुन्या तारेचा बोटभर तुकडा काढला. डोळे मिटून दोन बोटांत फिरवला. मग दुकानातल्या एकेका तारेवरून बोट फिरवलं. दुकानदारानं सगळ्यांत बारीक पुडी पुढे सरकवली, तशी तिनं ती मागे ढकलली.

"ही नको. जाड कापडाला केसासारखा दोरा घातला तर शिवण दिसते छान आणि पहिल्या धुण्यात उसवते. मला त्यांचा हात सुटायला हवाय, आवाज उसवायला नकोय."

आणि आमच्यावर बोट ठेवलं. दुकानदार म्हणाला, "वहिनी, तारा बदलल्या की वाद्य एकदा दाखवायला आणा."

"बघू," ती म्हणाली. बाईमाणूस 'बघू' म्हणालं की काय समजायचं, ते तुम्हाला सांगायला नको.

आता हाताचं सांगते. खांब एका हॉटेलच्या हॉलमध्ये वाजवायचा. तीस वर्षं जाड तारा दाबून दाबून त्याचा डावा हात आखडला होता. सकाळी त्या हातात चहाचा कप धरवायचा नाही. शर्टाची बटणं बायको लावायची, आणि दोघंही असं दाखवायची की ती लाडानं लावतेय. पाच गाणी निभायची. सहावं लांबलचक, मध्ये श्वास घ्यायला जागा नाही. तिथं बोटं लाकडासारखी व्हायची.

त्यातच हॉटेलात नवी मॅनेजर बाई आली. तिनं निरोप दिला, रविवारी चार वाजता माझ्यासमोर सहा गाणी वाजवा, मग कोण राहणार आणि कोण जाणार ते ठरवते. बँडचा म्होरक्या होता ढोल्या. ढोल वाजवायचा आणि दिसायचाही तसाच. तो घरी येऊन तिला हळूच सांगून गेला, "वहिनी, सहावं गाणं पडलं तर मी ह्याला वाचवू शकणार नाही. दुसऱ्याचं नाव तयार आहे."

तिनं हलक्या तारांचा विषय नवऱ्याजवळ दोनदा काढला होता. तो म्हणाला होता, "काडीवर कधी खांब उभा राहतो का?" त्यावर बोलणं संपलं.

म्हणून शनिवारी सकाळी तो हात शेकायला दवाखान्यात गेला, आणि हिनं पक्कड काढली. तीस वर्षं बघून बघून तिला तार चढवणं पाठ झालं होतं. जुनी एकशे दहावाली थोरली उतरवून तिनं टेबलावर माझ्या शेजारी ठेवली. काळी पडलेली, घामानं गंजलेली. ती मला म्हणाली, "बस बाई माझ्या जागी. पण एक ध्यानात ठेव. ह्या वाद्याच्या मानेत लोखंडी सळई आहे. आम्ही चौघी पुढून ओढायचो, ती मागून ओढायची. दोघांच्या ओढाताणीत मान सरळ राहिली. तुमचा ओढा कमी. सळई मानेला मागे कलवेल, आणि तुम्ही पडद्यांवर, म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांवर, घासाल. हिला सांग, सळई सैल कर."

"मी कशी सांगू? माणसांना आपलं बोलणं कळत नाही."

"तेच तर दुखणं आहे," म्हातारी म्हणाली. तेवढ्यात पक्कड आली. खट, खट. तिचे चार तुकडे झाले आणि केराच्या डब्यात पडले.

मी खुंटीवर चढले. चढता चढता मला जाणवलं, मान हळूहळू मागे जातेय. ओरडावं तर तोंड नाही. गिटार पेटीत बंद झाली, आणि रविवारी दुपारपर्यंत ती कुणी उघडली नाही. सकाळी उगाच हात थकायला नको म्हणून त्यानं सराव केलाच नाही.

हॉलमध्ये साडेतीनला पेटी उघडली. शिवणारी तिथंच होती, बँडच्या कोटांची ढिली बटणं पक्की करत. खांबानं गिटार गळ्यात घातली. त्याचं बोट माझ्यावर आलं आणि थांबलं. आंधळ्यानं ओळखावं तसं त्यानं ओळखलं. तरी त्यानं मला छेडलं.

खर्रर्र.

पत्र्याच्या डब्यात भुंगा कोंडावा, तसा माझा आवाज निघाला. लाजेनं मला तुटावंसं वाटलं.

"हे काय आहे?" त्यानं बायकोकडे बघितलंही नाही.

"हलक्या आहेत."

"जुन्या कुठायत?"

"कापल्या."

"कापल्या?"

"ठेवल्या असत्या तर तुम्ही आता परत चढवल्या असत्या."

तो ढोल्याच्या स्टुलावर बसला. आवाज चढवला नाही, ते जास्त वाईट होतं. "अर्ध्या तासानं ती बाई येणार. आणि तू माझ्या हातात खुळखुळा दिलास."

ढोल्या म्हणाला, "दुकानं बंद आहेत आज. मी कुणाकडून मागून आणू का?"

"कुणाकडून? ज्याचं नाव तयार आहे त्याच्याकडून?" खांब म्हणाला. त्यालाही कुणकुण लागलीच होती. ढोल्यानं मान खाली घातली.

शिवणारीनं सुई कोटाच्या कॉलरमध्ये टोचून ठेवली आणि जवळ आली. "कुठे घासतंय ते दाखवा."

"इथं, खुंट्यांजवळच्या पडद्यांवर. खाली सरकलं की साफ."

ती वाकली. एक डोळा मिटून मानेवरून सरळ बघितलं, पट्टी वाकडी आहे का बघतात तसं. मग तिचा चेहरा पडला.

"ही मागे कललीय. अहो, मशीनवर जाड दोरा काढून बारीक घातला की टेन्शन सैल करायचं असतं, नाहीतर कापड चुण्या घेतं. मी दोरा बदलला आणि टेन्शन तसंच ठेवलं. शिकाऊ पोरीनं करावं तसं केलं." जरा थांबून तिनं विचारलं, "ह्या लाकडाचं टेन्शन कुठे असतं?"

खांबानं मानेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "मानेत सळई आहे. पण तिला मी कधी हात लावलेला नाही. ज्यानं ही बनवली त्यानंच लावला होता, आणि तो आता राहिला नाही. उलटी फिरली तर मान फुटेल."

"आणि नाही फिरवली तर?"

पेटीच्या कप्प्यात फडक्यात गुंडाळलेली वाकडी चावी होती. उजव्या हातानं गिटार सावरून त्यानं ती डाव्यात धरली, पण बोटांत ती राहीना. दोनदा खाली पडली. तिसऱ्यांदा तिनं उचलली आणि परत दिली नाही.

"कुठल्या बाजूला?"

"डावीकडे."

"माझ्या की गिटारच्या?"

"अगं, बाटलीचं झाकण उघडतात तसं."

"मग तसं सांगा ना."

आधी त्यानं आम्हा चौघींना जरा सैल केलं. मग तिनं चावी लावली. फिरेना. तिनं दुसरा हात लावला. आतून कुर्रर्र असा आवाज आला, आणि लाकडाचा तो शहारा माझ्या गोळीपर्यंत पोचला. मला वाटलं, झालं, गेलो सगळे. ढोल्यानं डोळे मिटले होते.

"पाव फेरा. बास," खांब म्हणाला. "बास म्हटलं ना."

"थांबलेच आहे मी. तुम्हीच श्वास घ्या."

परत सूर लावले. धाकट्या तिघी स्वच्छ बोलल्या. मी मात्र अजून किंचित खुळखुळत होते. शेंड्याकडच्या ज्या खाचेत मी बसते, ती एकशे दहावालीच्या मापाची. जाड्या सासूच्या झग्यात बारीक सून, तशी माझी गत. शिवणारीनं पिशवीतून कपडे बेतायचा कागद काढला, नखाएवढा तुकडा फाडला, दुमडला आणि त्या खाचेत माझ्याखाली सरकवला. खांबानं मला छेडलं.

मी बोलले. जन्मात पहिल्यांदा नीट बोलले.

मॅनेजर बाई बरोबर चारला आली, मागच्या रांगेत बसली, घड्याळ काढून समोर ठेवलं. पाच गाणी झाली. सहाव्याच्या मध्यावर खांबाची करंगळी थरथरायला लागली, ते फक्त मला कळत होतं. जाड तार असती तर त्या बोटानं हाय खाल्ली असती. मी जितकी झुकता येईल तितकी झुकले. दाब गं करंगळे, हळू दाबलंस तरी चालेल, मी मनात म्हणत होते. बोट टिकलं. गाणं शेवटच्या ठोक्यावर जाऊन बसलं.

बाई म्हणाली, "बेस आज वेगळा वाजतोय. काय केलंत?"

ढोल्या खोटं बोलायला तोंड उघडतच होता, पण खांब आधी बोलला. "तारा हलक्या केल्यात. हात थकलाय माझा. लपवून उपयोग नाही."

"गेल्या आठवड्यात मागच्या रांगेत नुसतं घुमत होतं," ती म्हणाली. "आज एकेक सूर कळला. असंच ठेवा." घड्याळ मनगटावर बांधलं आणि सगळ्यांना वर्षभरासाठी कामावर ठेवून निघून गेली.

खांब गिटार उतरवत बायकोला म्हणाला, "पुढच्या वेळी आधी विचारत जा."

"विचारलं होतं. दोनदा."

त्यानं वाकडी चावी फडक्यात गुंडाळून तिच्या हातात दिली.

आता वर्ष झालं. माझा वेढा काळा पडलाय, आवाजातली चमक गेलीय. माझा निरोप घ्यायची वेळ आली, त्याचं वाईट वाटत नाही. काल टेबलावर नवी पुडी आली, तीच, पंच्याण्णववाली. ह्या खेपेला खांब स्वतः दुकानात जाऊन घेऊन आला. तुमच्या घरात कुणाचा हात थकला असेल, तर त्याला लाजवू नका, त्याचं ओझं तेवढं हलकं करा. आणि ओझं हलकं केलंत की बाकीचे स्क्रूही तपासा.

नवी थोरली शेजारी पडून मला विचारते, "काही सांगायचं राहिलंय का?" मी म्हटलं, काही नाही. खाचेतला माझ्याखालचा कागद आता तुझा. बाकी सगळं ह्या घराला माहीत झालंय. बघ, शिवणारीनं चावी आधीच काढून ठेवलीय, आणि तो तिच्या शेजारी उभा राहून आपल्या शर्टाची बटणं आपल्याच हातानं लावतोय.