हिरव्याखालचा पत्रा

"झाकण लाव आधी! लाव म्हंतो न्हवं!"

शेडमधून कुंडलिक पेंटरचा आवाज बारामती एमआयडीसीच्या मागच्या रस्त्यापर्यंत गेला असेल. विशाल हातातला कॅन धरून जागच्या जागी थिजला. तो साखर कारखान्यात कामाला होता आणि कॅनमध्ये होतं तिथलं कास्टिक सोड्याचं पाणी. त्याच्या वहिनीने, राजेश्वरीने, भंगारातून एक जुनी स्टाफ बस विकत घेतली होती. तिला त्या बसमध्ये पेरू-डाळिंबांचं फिरतं दुकान थाटायचं होतं, आणि बस बाहेरून बिनरंगाची, घासलेल्या भांड्यासारखी चकचकीत हवी होती. कुंडलिकला रंग उतरवायला चार दिवस लागलेले विशालला बघवेनात.

"आमच्या ट्रॉलीचा रंग तासात उतरला ह्यानं, मामा."

"ट्रॉली लोखंडाची. ह्यो ॲल्युमिनियमचा पत्रा हाय. कास्टिक रंगाबरूबर पत्राबी खातं. फेस येतो, चटका बसंल एवढं तापतं, आन् खाली काळी जाळी ऱ्हाती."

"तुमी बघितलंय व्हय कधी?"

रंगाचा विषय निघाला की कुंडलिकला जेवणाचं भान राहत नसे. आज मात्र त्याने विशालकडे पाठ फिरवली. कॅन उचलून त्याने शेडबाहेर नेऊन ठेवला आणि परत कामाला लागला.

पत्र्यावर त्याने रंग सोडवणाऱ्या रिमूव्हरचा पातळ हात दिला. थोड्या वेळाने वरचा पांढरा रंग सुरकुतला. बांबूच्या पट्टीने तो अलगद लोटला. लोखंडाची पट्टी तो ॲल्युमिनियमजवळ फिरकूही देत नसे. पांढऱ्याखाली पिवळा निघाला. पुन्हा रिमूव्हर, पुन्हा पट्टी. आणि पिवळ्याखालून वीतभर हिरवा वर आला.

कुंडलिकने पट्टी खाली ठेवली. हा हिरवा डब्यातला नव्हता. कच्च्या पेरूचा हा हिरवा दत्तोबा पेंटर स्वतः कालवायचे आणि ढवळून ढवळून कुंडलिकचे दंड भरून यायचे. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा, त्यांच्या हाताखाली शिकणारा पोरगा होता. वालचंदनगरच्या रस्त्याला दत्तोबांचं दुकान होतं आणि एका कंपनीच्या सहा बसगाड्या वर्षाआड तिथे रंगायला यायच्या.

सहांतलीच एक! पण ती हीच का?

तो उठला तो जवळजवळ पळतच बसच्या डाव्या अंगाला गेला. मागचं चाक, त्याच्या पलीकडे खिडकीखालचा पत्रा. त्याने बोटाने वाजवून बघितलं. टण. हातभर पुढे सरकला. टण. आणखी थोडं पुढे, आणि आवाज बसका आला. ठप. आत खड्डा बुजवायची लांबी भरलेली होती.

"घावली!" कुंडलिक ओरडला. छप्पन्न वर्षांचा माणूस, पण आवाज पोराचा निघाला. "ताई, गाडी काढायला सांगा! निमगाव केतकीला दत्तोबातात्या हायती. आत्ताच्या आत्ता घेऊन या त्यांना!"

"पण झालं काय, मामा?" शेडच्या दारात उभी असलेली राजेश्वरी घाबरली.

"ते आल्यावर सांगतो. त्यांच्याम्होरंच सांगायचं हाय."

विशाल गेला. तो येईपर्यंत कुंडलिकने एका जागी म्हणून बूड टेकलं नाही. त्या पत्र्याभोवतालचा पांढरा-पिवळा रंग त्याने हिरव्यापर्यंत काढला, भरलेल्या भागाला तेवढा हात लावला नाही. मध्येच हसायचा, मध्येच डोळे पुसायचा. शेडमधली माणसं एकमेकांकडे बघत होती.

दुपारी दत्तोबा उतरले. वय चौऱ्याऐंशी, एका डोळ्याने अधू, धोतर मात्र पांढरंशुभ्र.

"काय रं कुंडल्या, आग लागल्यागत बोलावलंस?"

कुंडलिकने त्यांचा हात धरून पत्र्याला लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ह्यो पत्रा मी जाळला. तात्या बाजारला गेल्यालं, त्यांना खूश करावं म्हनून कारखान्यातनं कास्टिक आणून वतलं. कंपनीचा सायब आला तर तात्या म्हनले, माझा हात चुकला. जळकं त्यांनीच लांबीनं बुजवलं, पन त्यांचं काम गेलं. पुढं जल्मभर दारं आन् बैलांची शिंगं रंगवत बसलं. आन् मी..." त्याने दत्तोबांचा हात सोडला. "पुढल्या खेपेला तेच काम मी घेतलं. तात्यांना इचारलंबी न्हाय."

दत्तोबा बोटं फिरवत राहिले. हिरव्यावरून, मग भरलेल्या भागावरून.

"कुठं तडा न्हाय," ते म्हणाले. "सदतीस वरसं धरून हाय."

"तात्या, कायतरी बोला."

"काय बोलू? पत्रा जळला त्याचं कायबी वाटलं न्हवतं. पोरगं व्हतास." दत्तोबांचं बोट भरलेल्या भागावर टेकलं. "काम घेतलंस त्याचं वाटलं. लई वाटलं. चार दिस भाकर ग्वाड लागली न्हाय."

कुंडलिक मान खाली घालून उभा राहिला. हे एक वाक्य ऐकायची भीती त्याला इतकी वर्षं होती, आणि आता ऐकल्यावर श्वास मोकळा झाला होता.

"खरवड," दत्तोबा म्हणाले.

त्याने लांबी खरवडली. खालून तळहाताएवढी काळी, जाळीदार जखम उघडी पडली. विशालने वाकून पाहिलं आणि नकळत शेडबाहेरच्या कॅनकडे मान वळवली.

"एवढा एक पत्रा बदलून टाकूया का?" राजेश्वरीने हळूच विचारलं.

"बदलायचा कशाला, पोरी? आणखी तीस वरसं जाईल. करड्या ठिगळासारखं दिसंल तेवढं. चालंल?"

राजेश्वरीने एकदा कुंडलिककडे पाहिलं. "चालंल, तात्या."

"मग लांबी कालव रं."

शेडमध्ये कुंडलिकच्या हाताखाली पाच माणसं होती. लांबी कालवायची पाटी आणायला त्यातला एक पुढे झाला, तर कुंडलिकने त्याला हातानेच बाजूला सारलं. लांबी त्याने स्वतः कालवली. दत्तोबांच्या हातात लांबी लावायची पत्ती दिली. मग आपल्याच शेडमध्ये, आपल्याच माणसांसमोर, तो पूर्वीसारखा त्यांच्या डाव्या हाताला गुडघ्यावर बसला आणि दोन्ही हातांनी पाटी वर धरली.

"जरा वर," दत्तोबा म्हणाले.

"व्हय, तात्या," म्हणत त्याने पाटी वर केली.