कोपरानं उघडायचा नळ

बसा, पाठ टेकून नीट बसा. एका नळवाल्याची गोष्ट सांगतो. जन्मभर पाण्यात हात घालून पोट भरलं त्यानं, आणि आतून मात्र चुलीसारखा पेटलेला. आता बोला!

तर सकाळची वेळ. नळवाला हातात चहाचा कप धरून स्वैपाकघराच्या दारात उभा. चहावर साय धरली तरी गडी पीत नाही. सगळा जीव कानात, आणि कान बाथरूमकडे. आत त्याचा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ, नळ पुसतोय. बायको दाराबाहेर स्टुलावर बसलीय.

"जाऊ का रे आता?"

"बस खाली! ओलंय अजून. औषध मुरू दे की जरा. कडीला बोट लावलंस तर बोट मोडीन, सांगून ठेवतो."

"मोड. मग माझे दात तू घास."

"घासीन. लहानपणी खसाखसा घासायचीस माझे, त्याचा सूड राहिलाय अजून."

आणि ती हसली. अशी तशी नाही, पोट धरून. नळवाल्याच्या हातातला कप बशीत आपटला.

झालं होतं असं, की बायको मोठ्या आजारातून उठून घरी आली होती. औषधांनी अंगातली ताकद पार धुऊन नेलेली. डॉक्टरांनी बजावलं, हिला कसलाही जंतू लागता कामा नये. बाथरूममधे जिथं जिथं हात लागतो ते सगळं रोज साफ करायचं. नळ, कडी, फ्लशचं बटण, दिव्याचं बटण, बादलीची दांडी, मगाचा कान. आधी साबणानं धुवायचं, मग जंतू मारायचं औषध लावून थोडा वेळ ओलंच ठेवायचं, मग पुसायचं.

नळवाला म्हणाला, हात्तिच्या, हे तर आपल्या घरचं काम! पहिल्याच दिवशी मन लावून सगळं लखलखीत पुसलं. कशानं? तर हत्यारांच्या पिशवीतल्या फडक्यानं. ज्या फडक्यानं आदल्या दिवशी कुणाच्या तरी तुंबलेल्या संडासाचा पाइप पुसला होता, त्याच. सवयीनं हात पिशवीत गेला हो, दुसरं काय. बायकोनं ते फडकं बघितलं. भावाला फोन केला फक्त.

मेव्हणा घड्याळं दुरुस्त करायचा. बोटं नाजूक, नखं स्वच्छ. रोज दुकान उघडायच्या आधी यायचा, नवं फडकं घ्यायचा आणि भावा-बहिणीची मैफल जमायची. आणि नळवाला? स्वतःच्या घरात, स्वतः बसवलेल्या नळाजवळ जायची चोरी! लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असं पोट धरून ती आपल्यापाशी कधी हसली, ते आठवायला बसला तर चहा गार झाला.

एके दिवशी बोललाच.

"रोज एवढं खिदळायला काय असतं तिथं? बाथरूमच आहे ना, सर्कस तर नाही?"

"तुम्हाला त्रास होतो का?"

"मला कशाला त्रास? हसा की."

असं म्हणाला आणि दिवसभर गिऱ्हाइकांवर खेकसत राहिला.

मग त्याच्या डोक्यात एक युक्ती शिरली. दवाखान्यात असतो तसा लांब दांडीचा नळ आणला, कोपरानं ढकलला की चालू. दाराची कडी काढून स्प्रिंग लावली, खांद्यानं ढकललं की उघडतं. फ्लश पायानं दाबायचा. बादली-मगाला रजा, वर पायानंच चालणारा फवारा. दिवा माणूस आत आलं की आपोआप लागणारा. दोन दिवस खपला, पण काम असं केलं की हात लावायला जागा म्हणून ठेवली नाही.

सकाळी मेव्हणा आला. फडकं हातात, बघतो तर पुसायचं काय?

"दाजी, कमाल केलीत! आता माझं काय काम इथं?"

"काही नाही. तू आपलं दुकान वेळेवर उघड."

मेव्हण्यानं फडकं घडी करून ठेवलं, बहिणीला म्हणाला, "सुटलो बाई तुझ्या तावडीतून," आणि गेला. नळवाल्यानं त्या दिवशी काम करताना शीळ घातली म्हणतात.

पण पुढं काय? बायको आत जायची, कोपरानं नळ उघडायची, बाहेर येऊन पलंगावर भिंतीकडं तोंड करून पडायची. स्टूल रिकामं. मग नळवालाच त्यावर जाऊन बसला.

"नळ बरा आहे ना?"

"छान आहे."

"हात लावावा लागत नाही."

"हो ना."

त्यानं एक विनोद सांगितला. ती हसली, पण पाहुण्यांकडं बघून हसतात तसं.

चार-सहा दिवसांनी त्याला राहवेना.

"एवढं काय बोलायचा गं तो?"

"काही नाही. ओरडायचा मला."

"ओरडायचा?"

"मग? मी घरी आल्यापासून तुम्ही सगळे माझ्याशी किती हळू बोलता. जसं काही मी..." पुढचं तिनं गिळलं. "तो एकटाच ओरडतो. तेवढा वेळ वाटतं, आपल्याला काही झालेलंच नाही."

संध्याकाळी ती बाथरूममधून बाहेर आली तेव्हा त्यानं छाती भरून श्वास घेतला. म्हटलं, आज ओरडायचंच. "पाय पूस!" असं दणकून म्हणायला गेला आणि आवाज निघाला कसा? तान्ह्या पोराला निजवताना निघतो तसा. तिनं मुकाट पाय पुसले.

दुसऱ्या दिवशी ती झोपलेली असताना त्यानं पाना काढला. चांगला बसलेला नवा नळ उतरवला, जुना चढवला, बादली-मग परत आत ठेवले. दाराला परत कडी ठोकली. मग मेव्हण्याला फोन.

"उद्यापासून ये रे. नवा नळ गळायला लागला. जुना लावलाय."

पलीकडून हसण्याचा स्फोट.

"दाजी, तुम्ही बसवलेला नळ गळला? तुमच्याच घरात?"

"हो, गळला. येतोस ना?"

मेव्हणा कसला सोडतोय! पेठभर सांगत सुटला. आता नळवाला कुठं कामाला गेला की गिऱ्हाईक विचारतं, "काय, तुमच्या घरचा गळायचा थांबला का आता?" ज्या माणसानं नळाच्या एका थेंबापायी गवंड्यांशी भांडणं केली, तो मान खाली घालून पाना फिरवत राहतो. आणि रोज सकाळी स्वैपाकघराच्या दारात उभा राहून, तिकडं हशा उठला की, अजून तस्साच जळतो.

तुमचं घड्याळ घेऊन तुम्ही त्याच मेव्हण्याच्या दुकानात जाता ना? तो गळक्या नळाचा किस्सा सांगेल, हमखास सांगेल. ऐका, त्याच्याबरोबर हसा. पण तो नळ एक थेंबसुद्धा गळत नव्हता, एवढं मात्र त्याला सांगू नका.