मोठ्या घराचा पाइप

गावात भुयारी गटार मंजूर झाली त्याच महिन्यात सरपंच हौसरावांच्या मोनालीला बघायला शिरूरचे पाहुणे यायचे ठरले. सोयरीक मोठ्या घरची. ती जुळायची तर आपलंही दार तोलाचं दिसलं पाहिजे, एवढंच हौसरावांच्या डोक्यात.

रविराज इंजिनिअर दौंडहून कॉम्प्युटर घेऊन आला. पडद्यावर गल्ल्या, पाइप, चेंबरं, सगळं काढलेलं.

"बारा इंची पाइप कुणाच्या दारावरनं जातोय?" हौसरावांनी विचारलं.

"ओढ्याकडनं, आप्पा. सगळ्या गावाचं सांडपाणी जिथं गोळा होतं, तिथं मोठा पाइप लागतो."

"आन् माझ्या दारात?"

"सहा इंची."

"म्हंजी जालिंदरला सहा, आन् सरपंचालाबी सहाच?"

जालिंदर म्हणजे त्यांचा चुलतभाऊ. खालच्या आळीचा, विरोधी पार्टीचा आणि बांधावरून कोर्टात गेलेला. हौसरावांनी ठराव करून टाकला : बारा इंची पाइप सरपंचाच्या दारावरून, आणि तिथून पुढे खालच्या आळीतून सहा इंची.

रविराजनं पडद्यावर पाणी सोडून दाखवलं. हौसरावांच्या दारातलं चेंबर लालभडक झालं.

"बघा! मशिनीनंबी गुलाल टाकला!"

"आप्पा, लाल म्हंजी तुंबणार. पुढं पाइप बारीक हाय."

"तुला जालिंदरनं च्या पाजलाय वाटतं."

गटार सुरू झाली. सकाळी गावानं आंघोळी उरकल्या आणि चेंबरचं झाकण उकळत्या पातेल्यावरच्या ताटलीसारखं थडथड उडायला लागलं. मग आतलं सगळं वर आलं. हौसरावांच्या बायकोची, साळूबाईंची, रांगोळी तरंगत ओसरीला लागली. खालची आळी मात्र खडखडीत कोरडी.

"अवो, रविवारी पाहुणं यायचंत," साळूबाई नाकाला पदर लावून म्हणाल्या. "तवर गाव काय आंघुळी सोडणार हाय व्हय?"

उपाय एकच होता. खालची आळी उकरून तिथंही मोठा पाइप टाकायचा. आणि सगळी आळी जालिंदरच्या शब्दातली; त्यानं हो म्हटल्याशिवाय तिथं कुदळ पडत नव्हती.

कोर्टाच्या पहिल्या तारखेनंतर हौसराव प्रथमच त्याच्या ओसरीवर चढले.

"जालिंदर, तुझ्या आळीला बारा इंची देतो."

"नगं आप्पा. आमी बारकी माणसं. सहा भरपूर हाय."

"असं कसं? घे की!" हौसराव पंगतीत बुंदी वाढावी तसे आग्रहाला पेटले. "अठरा इंची देतो. माझी शपथ हाय तुला!"

जालिंदरनं पोटावरून हात फिरवला.

"न्हाई आप्पा, पोट भरलंय. तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या."