पाहुणा किती दिवसांचा?

माझ्या थोरल्या लेकीला जुळं झालं, त्या वर्षी आमच्या वॉर्डात निवडणूक लागली. मी चादरींचं गाठोडं घेऊन जिना उतरत होते, तेव्हा घरमालकांनी मला अडवलं.

"मावशी, निकाल लागला की वरची खोलीपण पाहुण्यांसाठी तयार करायची."

वरच्या खोलीत सिस्टर राहायच्या. दवाखान्यातून निवृत्त झालेल्या, एकट्या, त्या खोलीत एकतीस वर्षं. खालच्या चारही खोल्या मालक सुट्टीवर येणाऱ्यांना दोन-तीन रात्रींसाठी द्यायचे. एक पाहुणा गेला की दुसरा यायच्या आत खोली लख्ख करायची, हे माझं काम.

जुने नगरसेवक म्हणत होते, ज्याचं घर त्याची मर्जी. नवं पॅनल म्हणत होतं, घरातल्या निम्म्याहून जास्त खोल्या पाहुण्यांना देता येणार नाहीत. जुने आले तर सिस्टरांची खोली जाणार होती. नवे आले तर माझं निम्मं काम.

सिस्टरांनी नव्या पॅनलचं पत्रक वाचून माझ्या हातात दिलं. मी एकेक अक्षर लावत वाचलं.

"यात पाहुणा म्हणजे कोण, ते कुठंय?"

"हे बघ. तीस दिवसांपेक्षा कमी राहील तो."

"मग आमचे जावई? ते चाळीस दिवस राहून गेले."

"ते भाडेकरू झाले गं. आता उठवायला कोर्टात जा."

आम्ही पोट धरून हसलो. मग त्या म्हणाल्या, "मत कुणाला देणार ते मला सांगू नकोस. उगाच एकमेकींकडे बघायला जड जाईल."

नव्या पॅनलची उमेदवार शिवणकाम करणारी होती. ती दारात आली तेव्हा मी विचारलं, "पाहुण्यांच्या खोल्या किती, हे ओळखणार कोण?"

"ते अजून ठरलं नाही, मावशी."

"मला विचारा. त्या खोल्यांना साबणाचा वास येतो, स्वयंपाकाचा कधी येत नाही. बरं, माझ्या कामाचं काय?"

"निम्मं जाईल. खोटं कशाला बोलू?"

त्या उत्तरावर मी तिला मत दिलं. ती अकरा मतांनी निवडून आली.

नियम झाला. दोन खोल्यांत भाडेकरू आले. पहिल्याच सोमवारी हाताच्या सवयीनं मी एका जोडप्याच्या खोलीत शिरले, किल्ली अजून माझ्याकडेच होती. अंथरूण काढलं, पांढऱ्या चादरी ताणून घातल्या, उशाशी दोन टॉवेल, वर नवा साबण. संध्याकाळी नवरा-बायको गोंधळून सिस्टरांकडे गेले, "आम्हाला काढलं की काय?"

सिस्टर हसून हसून पायरीवरच बसल्या. मला म्हणाल्या, "अगं, राहणाऱ्यांचं अंथरूण कुणी काढत नसतं."

मी किल्ली परत केली. रिकाम्या पडलेल्या दिवसांसाठी दुसऱ्या गल्लीत भांड्यांचं काम धरलं. ते हलकं नव्हतं. कुणाला मत दिलं ते सिस्टरांनी कधी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

त्यानंतर चार वर्षांनी, फेब्रुवारीच्या नऊ तारखेला, सकाळी सिस्टर वारल्या. ब्याऐंशी वर्षांच्या होत्या. मृत्यूच्या दाखल्यावर पत्ता वरच्या खोलीचाच आहे.