दोन वेळचं पाणी

इमारतीचा सचिव जिना चढून वर आला तेव्हाच तिला कळलं की हा काही चांगलं सांगायला आलेला नाही. चांगलं सांगायचं असलं की तो खालूनच हाक मारायचा. दाराशी उभं राहून त्याने आधी बाबांच्या गुडघ्यांची चौकशी केली, मग आईबद्दल दोन शब्द बोलला आणि घसा खाकरून मुद्द्यावर आला. गच्चीवरच्या खताच्या ड्रमचा वास आता खालच्या मजल्यावर उतरला होता. तिथे शिवणकाम करणाऱ्या काकूंची गिऱ्हाइकं नाकाला रुमाल लावून मापं देत होती. रविवारपर्यंत काहीतरी करा, तो म्हणाला, नाहीतर सोमवारी नगरपालिकेची गाडी बोलावून ड्रम उचलायला लावावा लागेल.

"ताई, कचरा वेगळा करायला आम्ही तुमच्याकडूनच शिकलो," जाता जाता तो म्हणाला. "पण नाकाला काय कळतंय तुमचा उद्देश?"

तिने दार लावून घेतलं.

ड्रम मुळात तिच्याच डोक्यातून निघालेला. पुस्तकं वाचून, रंगाच्या दुकानातून जुना निळा ड्रम आणून, तापवलेल्या सळईने तिनेच त्याला भोकं पाडली होती. उत्साह पहिल्या अळ्या दिसेपर्यंत टिकला. मग आईने काही न बोलता ते काम आपल्याकडे घेतलं. साली, देठं, चहाचा चोथा रोज वर जाऊ लागला. रस्त्याकडेच्या झाडांखालची वाळकी पानं ती पोत्यात भरून आणायची. लोकांना वाटायचं, बाईंनी बकरी पाळली आहे. ओलं किती, सुकं किती, असं लेकीने विचारलं की म्हणायची, "पुस्तकं तू वाच, कचऱ्याचं मी बघते." धाकटा भाऊ बहिणीला पर्यावरणमंत्री म्हणायचा आणि वर म्हणायचा की मंत्री नुसतं भाषण करतात, खातं आईच चालवते. ते खोटं नव्हतं.

झाडांची पानं गळायची थांबायच्या आत आई गेली. अंथरुणाला खिळेपर्यंत ती गच्चीवर जात होती. नंतर तिचे कपडे देऊन झाले, चष्मा दिला, औषधं दुकानदाराने परत घेतली नाहीत म्हणून टाकली. ड्रममध्ये मात्र तिने स्वतःच्या हाताने चिरलेलं, सोललेलं अजून होतं. हे घरात कुणी बोलून दाखवलं नाही. पण गाडीने येऊन ड्रम न्यावा, हे लेकीला नको होतं ते त्यासाठीच.

ती रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करायची. दर दंडाला नवी सुई, नवी नळी, नवे हातमोजे. दुपारपर्यंत पिशव्या फुगायच्या, बांधायच्या, दुसऱ्या लावायच्या. दिवसभर असं फेकायचं आणि संध्याकाळी घरी येऊन दुधाची पिशवी धुऊन दोरीवर वाळत घालायची. पूर्वी यात तिला गंमत वाटायची, मैत्रिणींना रंगवून सांगायची. आता गंमतही वाटत नव्हती आणि लाजही. किराणा आणायला बरण्या घेऊन जाणं आधी सुटलं. मग कापडी पिशवी दाराच्या खुंटीवरच राहू लागली. मग एक दिवस ती पाण्याची बाटली विकत घेऊन आली आणि बाबांनी नुसतं पाहिलं. भिंतीचे पोपडे निघावेत तसे एकेक नियम गळून पडले, आणि तिने एकही उचलून परत चिकटवला नाही. पृथ्वी वाचवण्यावरची इतकी पुस्तकं तिने वाचली होती. अंगात त्राण नसेल तेव्हा काय करायचं, हे एकातही लिहिलेलं नव्हतं.

राहता राहिला ड्रम. कामावरून आल्यावर घरात पाऊल टाकण्याआधी ती गच्चीवर जायची, टाकीच्या नळाचं तांब्याभर पाणी ड्रममध्ये ओतायची, थोडी टेकायची आणि खाली यायची. आईही पाणी घालायची. किती घालायची, कधी घालायची, ते कधी विचारलं नव्हतं. बाबांना तिने यातलं काही सांगितलं नाही. गच्चीचं नाव काढलं तरी त्यांचा चेहरा उतरायचा, आणि गुडघ्यांमुळे ते वर जातही नसावेत. वास यायला लागला तशी तिने तांब्याऐवजी छोटी बादली घेतली. तिला वाटलं, कोरडं पडतंय म्हणून बिघडतंय. आईच्या हाताला गुण होता, आपल्या हाताला नाही, एवढंच तिने त्यातून काढलं.

सचिव येऊन गेल्यावर परगावी राहणाऱ्या धाकट्याचा फोन आला. त्याचं म्हणणं सरळ होतं. नेऊ दे गाडीला, नवा ड्रम मी पाठवतो, या वेळी चांगला झाकणाचा. ती नको म्हणाली. तो पुन्हा समजावू लागला. ती पुन्हा नको म्हणाली.

"ताई, आई त्या ड्रममध्ये नाहीये."

"माहीत आहे मला."

"मग?"

दूध उतू जातंय असं सांगून तिने फोन ठेवला. गॅसवर काहीच नव्हतं.

रविवारी ती उशिरा उठायची. त्या रविवारी मात्र उजाडताच उठली. लोक खिडक्या उघडायच्या आत ड्रम उपसून बघायचा होता. जुनी चादर आणि खुरपं घेऊन ती जिना चढली, तर गच्चीचं दार उघडंच. ड्रमपाशी बाबा उभे होते. एक हात कठड्यावर, दुसऱ्या हातात स्वयंपाकघरातली मोठी किटली, आणि किटलीतून ड्रममध्ये पाणी पडत होतं.

"बाबा?"

ते दचकले नाहीत. चोरी पकडल्यासारखी किटली मात्र त्यांनी मागे घेतली. "अगं, सुट्टीचं जरा झोपायचं की."

"तुम्ही कधीपासून येता इथे?"

"रोजच येतो. तू कामावरून येतेस ती पार गळून. म्हटलं, तुझ्या कुठे लक्षात राहणार. तिचं एवढं तरी... म्हणून तू उठायच्या आत येऊन जातो."

"मी संध्याकाळी घालते की पाणी. रोज."

बाबांनी किटलीकडे पाहिलं, मग ड्रमकडे. "किती घालतेस?"

"आधी तांब्याभर. वास यायला लागल्यावर वाढवलं."

"मीही वाढवलं," ते म्हणाले.

मग त्यांचे खांदे हलायला लागले. ती पुढे झाली तर ते हसत होते, डोळे पुसत पुसत हसत होते. "बुडवला गं आपण तिचा ड्रम," ते म्हणाले. "असती तर दोघांनाही या कठड्यावरून खाली ढकललं असतं."

"आधी तुम्हाला."

"छे. मला ढकलून तिला चहा कुणी दिला असता? आधी तुला."

दोघांनी मिळून ड्रम आडवा केला. चादरीवर काळपट राड आली, वासाने डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं होतं, खाली जुना थर सापडेल. आई संत्र्याची साल एका वेटोळ्यात सोलायची, एखादं वेटोळं तरी ओळखू येईल. ती खुरप्याने बाजूला करत राहिली. इकडचं तिकडे, तिकडचं इकडे.

"काय शोधतेस?" बाबांनी विचारलं.

"काही नाही."

"मी पण शोधलं होतं. परवा, हात घालून."

ती थांबली. "मिळालं?"

"नाही. सगळं एकच झालंय आता." आज ऊन आहे, असं सांगावं तसं त्यांनी सांगितलं.

मग ती शोधायची थांबली आणि राड नुसती पसरत गेली. अगदी पाणी झालेलं होतं ते तिने पिशवीत भरून खाली कचऱ्याच्या डब्यात नेऊन टाकलं. टाकताना हात अडला, पण टाकलं. उरलेल्यावर ऊन आलं. बाबा उपड्या बादलीवर बसून, ओल शोषली जावी म्हणून जुनी पुठ्ठ्याची खोकी फाडून त्यात मिसळत होते. दुपारी सचिव नाक धरून वर आला. वास कालच्यापेक्षा जास्त होता आणि तसं त्याने सांगितलंही.

"आज वास मारेल," बाबा म्हणाले. "हळूहळू कमी होईल."

"नक्की, काका?"

"नक्की नाही सांगता येत. कशाने होत होतं ते मात्र आता कळलंय."

सचिवाने चादरीकडे पाहिलं, बादलीवर बसलेल्या म्हाताऱ्याकडे पाहिलं आणि या आठवड्यात गाडीला सांगत नाही, एवढं बोलून तो खाली गेला. ऊन कलल्यावर त्यांनी सगळं पुन्हा ड्रममध्ये भरलं. तो अर्ध्याच्याही खाली भरला.

सोमवारी प्रयोगशाळेत गर्दी होती. संध्याकाळी ती गच्चीच्या जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी आली, कठड्याला धरून उभी राहिली, आणि वर न जाता घरात शिरली. बाबांनी जेवायला पानं घेतली होती.

"वर जाऊन आलीस?"

"नाही. तुम्ही सकाळी?"

"मीही नाही. गुडघे दुखतात गं," ते म्हणाले. आई गेल्यापासून त्यांनी हे कधी कबूल केलं नव्हतं.

"कोरडं पडेल का?"

"पडू दे," बाबांनी तिचं ताट पुढे सरकवलं. "बस आधी."

ती हात धुऊन बसली.