सेवेरिनचा प्रश्न

राष्ट्राध्यक्षपदाचे दोन उमेदवार राजधानीत, सोफियाला, टीव्हीवर समोरासमोर बसणार, आणि त्यांना प्रश्न विचारायला आमच्या ब्रेस्तेवोतला माणूस जाणार, हे कळल्यापासून माझ्या कॅफेत दुसरा विषय नव्हता. तो माणूस म्हणजे माझा धाकटा भाऊ सेवेरिन. जंगलातून ओंडके आणणारा ट्रक चालवतो. वाहिनीने जिल्ह्याजिल्ह्यातून एकेक मतदार निवडला, त्यात त्याचं नाव निघालं.

मग काय, जो येईल तो त्याला शिकवायला लागला. पेना आजी म्हणाली, "पेन्शनचं विचार. आणि शर्टाला इस्त्री कर, नाहीतर सोफियातली माणसं म्हणतील, डोंगरातून अस्वल उतरलंय." शाळेच्या बाईंना बंद पडलेल्या शाळेचा प्रश्न हवा होता. पुरुषांना तर त्या दोन उमेदवारांच्या चर्चेपेक्षा कुस्तीच बघायची होती.

"ल्युबेनोव त्या बाईला जाहिरातीच्या आधीच गप्प करतो की नाही बघ."

"कारास्तोयानोवा? अरे, ती त्याला सोलेल आणि वर मीठ लावेल."

आमचे गावप्रमुख केहायोव तेवढे शांत होते. ते सेवेरिनला एवढंच म्हणाले, "बाकी सगळं सोड. रस्ता विचार. हिवाळ्यात अँब्युलन्स खिंडीत अडकते, एवढं एकच वाक्य."

खिंडीचं नाव निघालं की माझी नजर आपोआप स्वयंपाकघराच्या दाराकडे जायची. तिथे रोसित्सा असायची, सेवेरिनची बायको. कॅफेतली चीज भरलेली बनित्सा, सूप, सगळं तीच करते. फेब्रुवारीत तिला कळा सुरू झाल्या तेव्हा खिंड बर्फाने बंद होती. अँब्युलन्स पलीकडे अडकली. मुलगी घरीच जन्मली आणि अँब्युलन्स पोचायच्या आत गेली.

एवढं गावाला माहीत होतं. पण आमच्याकडे गेलेल्याचं नाव लिहून मृत्यूची सूचना दारावर लावतात, ती रोसित्साने चिकटवू दिली नाही. दफनालाही कुणाला बोलावलं नाही. ती दोघं, मी, पाद्री, आणि केहायोव, कारण कबरस्तानापर्यंतचा बर्फ त्यांनी स्वतः ट्रॅक्टर चालवून बाजूला केला होता. तिथे रोसित्साने पाद्रींच्या कानात मुलीचं नाव सांगितलं आणि त्यांनी प्रार्थनेत ते घेतलं. नेदा. त्यानंतर आमच्यात ते पुन्हा कधी निघालं नाही. तशी कुणी बंदी घातली नव्हती, पण रोसित्साच्या चेहऱ्याकडे बघून धीरच व्हायचा नाही.

सोफियाला निघायच्या आदल्या दिवशी सेवेरिन तिला माझ्यासमोरच म्हणाला, "मी रस्त्याचं विचारीन. आपलं काही बोलणार नाही."

"एक शब्दही नाही," ती म्हणाली.

"एक शब्दही नाही."

चर्चेच्या संध्याकाळी कॅफेत पाय ठेवायला जागा नव्हती. लोक घरून खुर्च्या घेऊन आले होते. सूर्यफुलाच्या बियांच्या सालांचा जमिनीवर थर साचला होता. रोसित्सा येणार नाही असं मला वाटलं होतं, पण ती आली, एप्रन सोडला आणि माझ्या शेजारी उभी राहिली. नवरा टीव्हीवर दिसणार याचं तिलाही थोडं कौतुक असावं. खूप दिवसांनी मी तिच्या ओठांवर रंग पाहिला.

सुरुवातीलाच कॅमेरा प्रेक्षकांवरून फिरला आणि दुसऱ्या रांगेत सेवेरिन दिसला. एकच गलका झाला. "इस्त्री केलीय बरं का," पेना आजी म्हणाली, आणि रोसित्सा चक्क हसली.

पहिलं बोलणं ल्युबेनोवचं. त्याने कागद बाजूला सारला, चष्मा काढला.

"मी आज आकडे सांगणार नाही," तो म्हणाला. "आज इथे एक बाप बसलाय. ब्रेस्तेवो गावचा."

गावाचं नाव ऐकताच मागच्या टेबलावरच्या कुणीतरी टाळी वाजवली. आणखी दोघातिघांनी वाजवली. कॅमेरा सेवेरिनच्या चेहऱ्यावर गेला आणि तिथेच थांबला.

"गेल्या हिवाळ्यात याची लेक वाचली असती. रस्ता असता तर. तिचं नाव होतं नेदा. छोटी नेदा. मी ही निवडणूक नेदासाठी लढतोय."

टाळ्या मध्येच विरल्या. पडद्यावर सेवेरिन तोंड किंचित उघडं ठेवून बसला होता, कुणी भर रस्त्यात थोबाडीत मारावी आणि मारणारा ओळखीचाही नसावा तसा. त्याच्या शेजारची बाई त्याच्या खांद्यावर हात ठेवत होती आणि त्याला ते कळतही नव्हतं.

मला रोसित्साकडे बघवेना. बघितलं तेव्हा ती माझ्याकडेच बघत होती. तिच्या नजरेत प्रश्न होता, तो मला कळला, आणि मी मान हलवली. मी नाही. तिने विश्वास ठेवला की नाही, तेव्हा समजलं नाही.

माईक सेवेरिनकडे आला तेव्हा कॅफेत कुणी बी फोडत नव्हतं. तो उभा राहिला. हातातला कागद त्याने खिशात घातला.

"माझ्या मुलीचं नाव तुम्हाला कुणी सांगितलं?"

ल्युबेनोवने मान तिरकी केली. "लोकांचं दुःख माझ्यापर्यंत पोचतं, सेवेरिन."

"ते नाही विचारलं. नाव कुणी सांगितलं?"

सूत्रसंचालक मध्ये पडला, वेळेचं काहीतरी बोलला. तेवढ्यात कारास्तोयानोवा पुढे झुकली. "हा निर्लज्जपणा आहे," ती म्हणाली. "एका मेलेल्या बाळावर मतं मागताय? मी या बापाच्या बाजूने उभी आहे. मी नेदाच्या बाजूने उभी आहे." आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला.

सेवेरिनने माईक खुर्चीवर ठेवला, रांगेतल्या लोकांच्या गुडघ्यांवरून वाट काढली आणि निघून गेला. क्षणभर त्याची पाठ दिसली, मग जाहिरात लागली.

मी टीव्ही बंद केला.

"तिथे आम्ही पाचच जण होतो," रोसित्सा म्हणाली. ती मोठ्याने बोलली नव्हती, तरी ते मागच्या भिंतीपर्यंत ऐकू गेलं.

केहायोव उठले. त्यांनी टोपी काढून हातात धरली. "मी सांगितलं, पोरी."

"काका, तुम्ही?"

"ल्युबेनोवची माणसं प्रचाराला आली होती. मी खिंडीचं सांगितलं. ते म्हणाले, असे रस्ते शेकडो आहेत. म्हणून मग बाळाचं सांगितलं. तेव्हा त्यांनी वही काढली. नाव काय, विचारलं. मला वाटलं, नाव असलं तर लक्षात राहील त्यांच्या. तो असा टीव्हीवर... मला हे ठाऊक नव्हतं."

माझी अपेक्षा होती की ती ओरडेल. तिने ओरडावं असंच मला वाटत होतं.

"मी ते नाव अजून एकदाही मोठ्याने घेतलेलं नाही, काका," ती म्हणाली. "घरी एकटी असतानासुद्धा."

ती कोट न घालताच बाहेर पडली. मी तिचा कोट घेऊन मागे धावले.

सेवेरिन दुसऱ्या दिवशी दुपारच्या बसने आला. रोसित्सा थांब्यावर उभी होती. तो उतरताच म्हणाला, "मी नाही सांगितलं." ती म्हणाली, "माहीत आहे," आणि दोघं चर्चकडच्या वाटेने गेली, मुख्य रस्ता टाळून. मुख्य रस्त्यावर तोपर्यंत वाहिन्यांच्या दोन गाड्या लागल्या होत्या. आठवडाभरात कबरीवर अनोळखी माणसांनी ठेवलेली खेळणी जमली. बाहुल्या, अस्वलं, एक निळा हत्ती. सेवेरिनने ती सगळी ट्रकमध्ये भरून जिल्ह्याच्या अनाथाश्रमात नेऊन दिली.

निवडणूक ल्युबेनोव जिंकला. रस्ता आहे तसाच आहे, पण डिसेंबरात गावाला स्वतःची अँब्युलन्स मिळाली. फीत कापायला माणसं आली, तेव्हा त्यांना फोटोत सेवेरिन आणि रोसित्सा हवे होते. ती दोघं पहाटेच जंगलात निघून गेली होती. केहायोव फोटोत उभे राहिले नाहीत. गर्दीच्या मागे होते. ती गाडी आली यात त्यांचा हात आहे हे सगळ्यांना माहीत आहे, आणि त्यांच्या टेबलावर अजून कुणी बसत नाही. आभार मानावेत की तोंड फिरवावं, हे गावाला ठरवता आलेलं नाही. मलाही नाही. मी त्यांची कॉफी त्यांच्यासमोर ठेवते आणि परत येते.

अँब्युलन्स माझ्या कॅफेसमोरच उभी असते. तिचा ड्रायव्हर प्लोवदिव शहराकडचा आहे, सकाळी सूप प्यायला येतो. रोसित्सा स्वतः त्याला वाढते. खिंडीत आज किती बर्फ आहे, चाकांना बर्फाच्या साखळ्या लावल्या का, एवढंच ती त्याला विचारते. त्याने ती चर्चा पाहिलेली असणारच, सगळ्या देशाने पाहिली. पण तो तिला काही विचारत नाही. सूप संपवतो आणि चाकं बघायला बाहेर जातो.