मुनिमाची सरासरी

करडी गावच्या शकुनबाईंना डिझेल इंजन हवं होतं, तेही एकतीस डिसेंबरच्या आत. जुन्या किमतीत देण्याची दुकानदाराची तेवढीच मुदत होती. साल १९८२. इंजन आलं तर तलावाचं पाणी धानाच्या बांधीत चढणार आणि उन्हाळी धान घेता येणार. नाहीतर तीन एकर पावसाळ्यापर्यंत पडून. पैसे उभे करायला घरात तीस पोती धान होतं.

अठरा तारखेला ती गाड्यांत भरून त्या तुमसरच्या बाजारात गेल्या. अडत्या गोपीचंदने क्विंटलला एकशे सव्वीस सांगितले. "दुपारपावेतो सांगा, बाई. मंग माह्या भरोशावर राहू नका."

शकुनबाई तडक तिथल्याच राइस मिलवर दिराकडे गेल्या. दीर घनश्याम तिथे मुनीम होते. सहा वर्षं ते धानाचा रोजचा भाव आलेखाच्या कागदावर ठिपक्याने मांडत आले होते. कागदाला कागद चिकटवून आता तो सतरंजीएवढा झाला होता.

"इकू नका, वहिनी," कागद जमिनीवर पसरत ते म्हणाले. "दिवाळी ते संक्रांत, सहा सालांची सरासरी एकशे एकतीस. गोपीचंद पाच रुपयानं तुमाले बुडवून राहिला."

"मंग एकशे एकतीस कधी होईल?"

"होईल. सरासरी खोटं बोलत नाही."

"पण कधी?"

घनश्यामांनी चष्मा पुसला.

शकुनबाई कागदापाशी बसल्या. आकडे त्यांना जेमतेम वाचता येत, पण ठिपके वर-खाली दिसत होते. त्यांनी एका उंचवट्यावर बोट ठेवलं. "हा डोंगर कायचा?"

"गेल्या सालची दिवाळी. सत्तावीस ऑक्टोबरले होती."

"तवा आपलं धान कुठं होतं?"

"वावरात. उभं."

"मंग बाजारात कोणाचं होतं?"

"जुनं, उरलंसुरलं. म्हणून तर भाव चढा."

"अन् यंदा दिवाळी?"

"पंधरा नोव्हेंबर."

"भाऊजी, धान का तुमची वहीपूजा पाहून पिकते?"

घनश्यामांनी दिवाळीच्या ठिपक्यांवर बोट फिरवलं. मुनीम माणूस, नवी वही लक्ष्मीपूजनाला उघडायची, तेव्हा त्यांचं सालही तिथूनच सुरू होई. दिवाळी लवकर आली की नवं धान येण्याआधीचे तीन-चार आठवडे हिशेबात शिरत आणि सरासरी फुगत जाई. सहा वर्षांत हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"मले डिसेंबरच पाहिजे," शकुनबाई म्हणाल्या. "एक ते एकतीस. त्याच्या आंधी माहं धान नाही, त्याच्या नंतर इंजन नाही."

घनश्यामांनी प्रत्येक सालच्या डिसेंबरला लाल पेन्सिलीची चौकट काढली. बाहेरचं सगळं सोडून पुन्हा बेरीज धरली. मिलचा भोंगा वाजला, जेवणाची सुट्टी संपली, तरी ते कागदावर पालथेच पडून होते.

"एकशे बावीस," शेवटी ते म्हणाले. आवाज जरा बारीक होता.

"अन् गोपीचंद सव्वीस देते."

"देते खरा."

"मंग उठा. काटा तुमीच पाहा, मले त्याच्या हमालाचा भरोसा नाही."

एकोणतीस पोती विकली गेली. एक घरच्या खाण्यासाठी ठेवलं. चार दिवसांनी इंजन बैलगाडीतून करडीला पोचलं.

नऊ जानेवारीला, रविवारी, घनश्याम सायकल मारत शेतावर आले. इंजन धडधडत होतं. पाणी धानाच्या रोपांच्या, पऱ्ह्यांच्या वाफ्यात पसरत होतं.

"वहिनी, काल एकशे तेहतीस झाला!" ते दुरूनच ओरडले.

"मंग मांडा ठिपका," शकुनबाई म्हणाल्या. "पण आंधी तो पाइप धरा, निसटून राहिला."